निगेटिव्ह आपली, किल्ली दुसऱ्याची

सेवाग्रामच्या आश्रमातील महात्मा गांधींची जी छायाचित्रे आज आपण पाहतो, त्यांतील पुष्कळशी कनू गांधी यांनी टिपलेली आहेत. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे हे चिरंजीव. छायाचित्रण शिकावे, ही सूचना त्यांना विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी केली आणि कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्ला यांनी दिले. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅशचा झोत टाकायचा नाही, छायाचित्रासाठी आपणास थांबवायचे वा बसवायचे नाही आणि आश्रमाकडे पैसा मागायचा नाही. या तीन अटी पाळून त्या तरुणाने १९४८ पर्यंत जे काम केले, ते आज राष्ट्राचा ठेवा झाले आहे.

त्या काळच्या छायाचित्रकाराजवळ साधने अपुरी होती, फिल्म महाग होती. परंतु एक गोष्ट त्याच्या पूर्ण मालकीची होती. ती म्हणजे निगेटिव्ह. ती खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरली की कोणालाही तिच्यात काय आहे ते दिसे. ज्या कंपनीची फिल्म तिची परवानगी नको, ज्या कंपनीचा कॅमेरा तिचे यंत्र नको. पन्नास वर्षांनी नातवाच्या हाती ती निगेटिव्ह आली, तरी तिच्यावरून छायाचित्र काढता येई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या निगेटिव्हबद्दल असे म्हणता येईल काय? हा प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकारांचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. तसे ते नाही, हे मला एका शाळेच्या कपाटाने शिकविले.

आर्वी तालुक्यातील ही एक जुनी शाळा. तिच्या दाखल-खारीज नोंदवह्या स्वातंत्र्यापूर्वीच्या. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय हे सारे त्यांत बोरूने लिहिलेले. या नोंदींचे मोल कारकुनी करणाऱ्यांना सांगावयास नको. जातपडताळणीच्या वेळी आजोबांच्या एका ओळीवर नातवाचे शिक्षण अवलंबून असते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी तेथील एका दूरदर्शी मुख्याध्यापकांनी या वह्यांची छायाचित्रे काढून घेतली. कागद तपकिरी पडलेला, शाई फिकट; म्हणून छायाचित्रकाराने अधिक बारकावे राहावेत या हेतूने ती रॉ स्वरूपात घेतली आणि तबकडीवर भरून दिली. तबकडी कपाटात गेली. मुख्याध्यापक निवृत्त झाले. पुढे एका पावसाळ्यात गळक्या छपराने दोन वह्यांचा लगदा केला.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आजोबांच्या नोंदीसाठी आले, तेव्हा तबकडीची आठवण झाली. ती चाललीही. फाइली दिसत होत्या, त्यांची नावे दिसत होती, आकार दिसत होता. पण एकही उघडेना. कॅमेऱ्यासोबत मिळालेला कंपनीचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नव्हता. तालुक्याच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने दोन मार्ग सांगितले. एक, दरमहा भाडे भरून परदेशी सॉफ्टवेअर घ्यावे; दुसरा, त्याच्याकडील चोरीची प्रत टाकून घ्यावी. शाळेजवळ पहिल्यासाठी पैसे नव्हते आणि दुसऱ्यासाठी मन होत नव्हते. आमच्याच वह्या, आमच्याच पैशांनी काढलेली छायाचित्रे, आमच्याच कपाटातील तबकडी. आणि तरीही आम्ही दाराबाहेर उभे, असा तो प्रसंग होता.

ते दार उघडले वर्ध्याच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने. त्याने ‘डार्कटेबल’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घेतले, त्यासाठी एक पैसाही न देता आणि कोणताही नियम न मोडता. पंधरा मिनिटांत पाने डोळ्यांसमोर आली. उजेड थोडा वाढविला, फिकट शाई आणि तपकिरी कागद यांच्यातील भेद ठळक केला, तेव्हा प्रत्यक्ष वहीत कष्टाने वाचता आले असते ते अक्षर स्वच्छ वाचता आले. त्या नोंदीच्या आधारे त्या गृहस्थांना पुढचा शोध घेता आला.

शिधा आणि शिजलेले ताट

रॉ फाईल म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. कॅमेऱ्यातील संवेदक प्रकाश मोजतो. रंग त्याला कळत नाहीत. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या वा निळ्या रंगाची एक सूक्ष्म गाळणी बसविलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मांडणी कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांच्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या, रचनेनुसार असते. तीत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. म्हणजे प्रत्येक बिंदूला तीनपैकी एकाच रंगाचे ज्ञान असते. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरावे लागतात. हे अनुमान होण्यापूर्वीच्या, मोजलेल्या मूळ आकड्यांची नोंद म्हणजे रॉ फाईल.

आपल्या नित्य परिचयाची जेपेग फाईल म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने शिजवून वाढलेले ताट. तिखटमीठ त्याचे, विस्तव त्याचा, आणि जे नको वाटले ते त्याने टाकून दिलेले. रॉ म्हणजे कोरडा शिधा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या छटेला २५६ पायऱ्या असतात. रॉ फाईल बारा बिटांची असेल तर ४,०९६ आणि चौदा बिटांची असेल तर १६,३८४. बोरच्या व्याघ्र प्रकल्पात गर्द सावलीत बसलेल्या नीलपंखाचे छायाचित्र काळवंडून आले, तर जेपेगमध्ये त्या काळोखात फारसे काही शिल्लक नसते. रॉमध्ये मात्र पंखांची निळाई पुष्कळदा दडलेली असते आणि ती वर आणता येते. फिकट शाईचेही तेच. ज्याला पुरावा जपावयाचा आहे, त्याने शिधा जपला पाहिजे.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण अशी की, हा शिधा प्रत्येक कंपनी आपापल्या कोठीत ठेवते आणि कोठीची रचना सहसा प्रसिद्ध करीत नाही. कॅननची फाईल सीआर-२ वा सीआर-३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. नावे निराळी, आतील मांडणीही निराळी. अडोबी कंपनीने २००४ साली डीएनजी नावाची एक सामायिक रचना मांडली आणि तिचे वर्णन सर्वांना खुले केले. काही कंपन्यांनी ती स्वीकारली, मोठ्यांनी बव्हंशी स्वीकारली नाही. २००५ साली तर निकॉनच्या डी-२-एक्स कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये श्वेतसंतुलनाची, म्हणजे पांढरा रंग कोणता हे सांगणारी, माहिती सांकेतिक कुलपात बंद केलेली आढळली. छायाचित्र ज्याने घेतले त्याचे. परंतु त्यातील पांढरे कोणते, हे कंपनीला विचारावयाचे! त्यावर जगभर वादळ उठले, आणि त्याच वर्षी रॉ फाइलींची रचना प्रसिद्ध व्हावी यासाठी छायाचित्रकारांनी चळवळही उभी केली.

एका माणसाची चिकाटी

या कोठ्यांच्या किल्ल्या घडविण्याचे काम डेव्ह कॉफिन या अमेरिकन गृहस्थाने १९९७ साली हाती घेतले. कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्याची रॉ फाईल कोणत्याही संगणकावर उघडता यावी, एवढेच त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी त्याने ‘डीसीरॉ’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. नवा कॅमेरा बाजारात आला की त्याच्या फाईलचे आकडे तपासावयाचे, मांडणी ओळखावयाची आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये तिची भर घालावयाची, असा हा उद्योग त्याने वीस वर्षांहून अधिक काळ चालविला. निकॉनच्या त्या कुलपाचा उलगडाही त्याने केला. आपला सारा मजकूर त्याने जगापुढे उघडा ठेवला. २०१८ नंतर त्याने नवी आवृत्ती काढली नाही. परंतु त्याच्या कामावर उभे राहिलेले ‘लिबरॉ’ हे भांडार आज हजाराहून अधिक कॅमेऱ्यांच्या फाइली ओळखते. एक माणूस थांबला, काम थांबले नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे सामर्थ्य यातच आहे.

सामान्य माणसाने वापरावयाची साधने दोन. २००९ साली सुरू झालेले डार्कटेबल, आणि हंगेरीच्या गाबोर होर्वाथ याने लिहून २०१० साली सर्वांसाठी मुक्त केलेले ‘रॉथेरपी’. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. चित्रावर पुढील काम करावयाचे तर ‘गिम्प’ आहे. मात्र गिम्प स्वतः रॉ फाईल उघडत नाही, ती या दोघांपैकी एकाकडे सोपवितो, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण निष्कारण निराश होतात. या साधनांची एक रीत मला विशेष भावली. ती मूळ रॉ फाईलला हात लावीत नाहीत. आपण जे बदल करतो, त्यांची टिपणे शेजारी एका लहानशा फाईलमध्ये ठेवली जातात. निगेटिव्ह कोरी राहते, संस्कार वेगळे राहतात. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला याहून समाधानकारक व्यवस्था कोणती?

येथे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. बहुतेक कॅमेरा कंपन्या आपला प्रोग्रॅम ग्राहकाला विनामूल्य देतात. पण तो कसा चालतो हे पाहता येत नाही, आणि कंपनीने तो सांभाळणे सोडले की आमच्या शाळेसारखी गत होते. मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्यास देता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली आरंभिलेल्या चळवळीचा हा गाभा. कंपन्या अमर नसतात, याची उदाहरणे छायाचित्रणाच्या क्षेत्रातच विपुल आहेत. कोनिका मिनोल्टा २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली. ज्या कोडॅकने शतकभर जगाला फिल्म पुरविली, तिने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. या कंपन्यांच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली ज्यांच्या घरी आहेत, त्यांना आज आधार आहे तो डीसीरॉ आणि लिबरॉ यांचा.

वर्ध्याला हे नवे नाही

हा विचार परदेशातून आलेला, म्हणून आपल्याला परका, असे कोणी समजू नये. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका असावा, झोपडीत चालावा, दीडशे रुपयांहून महाग नसावा, वेळोवेळी डागडुजी करून वीस वर्षे टिकावा, आणि ती डागडुजी स्वस्त असावी. याशिवाय आणखी एक अट होती. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे. परंतु बक्षीस हवे असेल तर पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. अटी इतक्या कठोर होत्या की ते बक्षीस अखेर कोणाच्याच पदरी पडले नाही. पण त्या अटींमागचे तत्त्व स्पष्ट आहे. ज्या साधनावर गरिबाचे काम चालते, त्याची दुरुस्ती त्याच्या गावात झाली पाहिजे आणि त्याची किल्ली एका मालकाच्या खिशात असता कामा नये.

१९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले आणि मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, ते याच तत्त्वावर. घाणी, कागद, चरखा यांचे नमुने तेथे लोकांनी पाहावेत, उचलावेत, आपल्या गावी बनवावेत, यासाठी होते. झाकून ठेवण्यासाठी नव्हते. संगणकाच्या युगात या विचाराचे जे रूप शोभेल, ते मुक्त सॉफ्टवेअरखेरीज दुसरे कोणते, हे मला तरी सुचत नाही. १९३७ साली नयी तालीमचा विचार ज्या गावी मांडला गेला, तेथील विद्यार्थ्याने साधन वापरण्याबरोबर ते उघडूनही पाहावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून बोलली पाहिजे. आपल्या तालुक्यांच्या गावी छायाचित्रांची दुकाने, संगणकाचे वर्ग आणि काही शाळासुद्धा चोरीच्या प्रतींवर चालतात. अडोबीने २०१३ साली आपले नवे सॉफ्टवेअर विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केल्यापासून लहान दुकानदाराची कोंडी वाढली, हे खरे. त्याची अडचण मी नाकारीत नाही. परंतु ज्या वर्गात शिक्षक चोरीच्या प्रतीवर धडा देतो, त्या वर्गात अस्तेयाचा पाठ कोण ऐकेल? आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय हे एक व्रत आहे. प्रामाणिक मार्ग उपलब्ध नसता, तर निदान सबब तरी राहिली असती. आता तीही राहिलेली नाही.

आक्षेप आणि उत्तरे

याउलट बाजूने काही आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. पहिला असा की, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडली की छायाचित्र फिके दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर होते तसे नसते. हे बरोबर आहे. पण तो दोष नव्हे. पडद्यावर दिसले ते कॅमेऱ्याने शिजविलेले ताट होते, समोर आला तो शिधा. तिखटमीठ आता आपल्याला घालावयाचे आहे, आणि त्यासाठी थोडा अभ्यास लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अगदी नव्या कॅमेऱ्याच्या फाइली या साधनांत लगेच उघडत नाहीत. कॅननने २०१८ साली सीआर-३ ही नवी रचना आणली. डार्कटेबलला ती उघडता येऊ लागली २०२१ च्या डिसेंबरात. तेवढा काळ छायाचित्रकाराने काय करावे? उत्तर असे की, कॅमेरा विकत घेण्यापूर्वी या साधनांच्या यादीत त्याचे नाव आहे की नाही हे पाहावे. शेतकरी पंप घेताना त्याचे सुटे भाग जिल्ह्यात मिळतात का हे विचारतो; तेवढी सावधगिरी पुरेशी आहे. आणि हेही विसरू नये की, हा विलंब कंपन्यांच्या गुप्ततेमुळे होतो, कारागिरांच्या आळसामुळे नव्हे.

तिसरा आक्षेप असा की, बिघडले तर जाब कोणाला विचारावयाचा? आमच्या शाळेला भाड्याच्या आणि चोरीच्या प्रतींपलीकडे काय मिळाले, हे वर सांगितलेच आहे. जाब विचारण्याच्या हक्कापेक्षा स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क श्रेष्ठ, हे चरख्याच्या जिल्ह्याला पटवावे लागू नये.

काय करता येईल

केंद्र सरकारने २०१० साली खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आहे. धोरणे कागदावर आहेत. ती कपाटातील तबकडीपर्यंत पोचविण्याचे काम आपले आहे, आणि त्यास फार मोठा खर्च येत नाही.

शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये यांनी जुन्या दप्तराची छायाचित्रे करवून घेताना कामाच्या करारातच लिहून घ्यावे की, मूळ रॉ फाइली तर द्याव्यातच, पण त्यांबरोबर कोणासही उघडता येईल अशी टिफ प्रतही द्यावी. या दोन्ही निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा, वार्षिक तपासणीच्या वेळी, त्या उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली तबकडी ही जतन केलेली नव्हे, केवळ ठेवून दिलेली असते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना चार-दोन रविवार या कामी लावावे. जो मुलगा एका शाळेचे दार पंधरा मिनिटांत उघडू शकतो, त्याच्यासारखे पन्नास जण आठही तालुक्यांत निघाले तर किती दप्तरे वाचतील! आणि या साधनांची सोप्या मराठीत लिहिलेली मार्गदर्शिका प्रत्येक शाळेत पोचावी. हे काम मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून करण्याजोगे आहे.

त्या शाळेत आता पानांच्या साध्या प्रती काढून ठेवल्या आहेत आणि कपाटावर एक चिठ्ठी चिकटविली आहे. तबकडीत काय आहे, ते कोणत्या सॉफ्टवेअरने उघडते आणि शेवटचे केव्हा उघडून पाहिले, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. अक्षर त्याच शाळेच्या कारकुनाचे आहे. उद्या तो निवृत्त होईल, पुढचा येईल, चिठ्ठी वाचील आणि निगेटिव्ह उजेडासमोर धरील.